एकशे अडतीस ग्रॅम

फ्रिजच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. हे मी गर्वानं सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. चाळीस वर्षं मी फ्रिज दुरुस्त केले. पाठीला हात लावला की आत काय दुखतंय ते मला कळतं. डॉक्टरांना पेशंट निदान तोंडानं सांगतो तरी, फ्रिज नुसता गुरगुरतो. तरीही माझ्या हातून गेलेला फ्रिज त्याच आजारासाठी परत आला, असं चाळीस वर्षांत झालं नाही.

आणि आमच्या घरचा फ्रिज तर माझी चालतीबोलती जाहिरात होता. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घेतलेला. एकतीस वर्षांत एकदाही गॅस भरावा लागला नाही, एकदाही आत बर्फाचा डोंगर झाला नाही. बर्फ फार धरतो अशी कोणी तक्रार केली की मी सांगायचो, आमच्या घरी येऊन बघा. लोक खरंच यायचे, बघायचे आणि मान डोलवून जायचे.

आमची ही गेली त्याला आता आठ महिने झाले. तेव्हापासून मी एकटा राहतो. लेक इथून तासाभरावर राहते, औषधांचं दुकान चालवते. तिनं माझ्यासाठी तिच्या घरात एक खोली रंगवून ठेवली आहे. खोली चांगली आहे. मला तिथं जायचं नाही. इथं काय कुठे आहे ते मला माहीत आहे. काय कुठे होतं तेही माहीत आहे.

लेकीनं माझ्याशी करारच केला. तीन चुका झाल्या की सामान बांधायचं. पहिली चूक पहिल्याच महिन्यात झाली. नळ चालू ठेवून मी बाहेर गेलो आणि पाणी खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाईंच्या छतातून उतरलं. दुसरी, रिकामं पातेलं शेगडीवर ठेवून मी दाढी करायला बसलो. पातेल्याचा पार कोळसा झाला. दोन्ही वेळा शिलाईवाल्या बाईंनीच लेकीला फोन केला. बाई मनानं चांगल्या आहेत, पण बातमी त्यांच्या पोटात पाच मिनिटं टिकत नाही.

म्हणजे माझ्याकडे एकच चूक शिल्लक होती. ती मी जपून ठेवली होती.

लेक दर रविवारी येते. आली की चप्पल काढायच्या आधी फ्रिज उघडते. बाबा जेवतात की नाही, हे तिला माझ्या तोंडाकडे बघून कळत नाही, फ्रिजकडे बघून कळतं. त्यामुळे गुरुवारी सकाळी दूध नासलेलं निघालं तेव्हा मी आधी रविवारला किती दिवस उरलेत ते मोजले.

मी फ्रिजच्या पाठीला हात लावला. कॉम्प्रेसर चालू होता. खालचे कप्पे कोमट. वरचा बर्फाचा कप्पा उघडायला गेलो तर दार निघेना. सुरी घालून उघडलं. आत कप्पाच नव्हता, एक पांढरी भिंत होती. मटारची पिशवी त्या भिंतीत डोंगरात अडकलेल्या गिर्यारोहकासारखी दिसत होती.

दुसऱ्या कोणाच्या घरी हे बघितलं असतं तर मी काय म्हणालो असतो, ते मी आता सांगू शकतो. त्या वेळी मात्र मी वेगळा विचार केला. ज्या फ्रिजनं एकतीस वर्षांत बर्फ धरला नाही, त्यानं आज धरला, म्हणजे दोष गॅसचाच. गॅस कमी झाला. म्हातारा झाला, गळाला. माणसांचंही होतं.

गॅसबद्दल इथं थोडं सांगतो. कंटाळा येणार नाही असं सांगतो, बघू.

आमच्या तरुणपणी सगळीकडे बारा नंबरचा गॅस. गुणी गॅस. पेटत नाही, वास नाही, नळीला खात नाही. एखादा पाहुणा यावा, गोड बोलून, चहा पिऊन जावा, आणि नंतर कळावं की जाताना तो छताचे पत्रे काढत गेला, तसं त्याचं निघालं. वर जाऊन तो ओझोनचा थर फाडत होता. मग तो बंद झाला. त्याच्या जागी आला एकशे चौतीस. हा ओझोनला हात लावत नाही, पण तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटीनं जास्त पृथ्वी तापवतो. शिवाय नखरे असे की जुन्या कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याचं पटत नाही, स्वतःचं वेगळं तेल मागतो. आणि आता आलेत आयसोब्युटेन आणि प्रोपेन. स्वयंपाकाच्या गॅसचे सख्खे भाऊ. वर ओझोनला त्रास नाही, खाली पृथ्वीला जवळजवळ नाही, जुन्या तेलाशी जुळवून घेतात, आणि निम्म्याहून कमी वजनात काम करतात. एकच खोड. पेटतात.

आमच्या फ्रिजमध्ये होता बारा नंबर. तो आता मिळत नाही. म्हणून मी चिमट्याकडे गेलो.

चिमटा म्हणजे माझा जुना मदतनीस. अकरा वर्षं माझ्या हाताखाली होता. हाताची बोटं लांब आणि बारीक, कुठल्याही फटीत जायची, म्हणून चिमटा. आता त्याचे केस पिकलेत, स्वतःचं दुकान आहे, आणि नवीन गॅसचं शिक्षण घेतल्याचं सर्टिफिकेट त्यानं भिंतीवर लावलंय. मला अजून उस्ताद म्हणतो.

मी त्याला सगळं सांगितलं. तो थोडा वेळ डोकं खाजवत राहिला. मग फार हळू आवाजात म्हणाला, "उस्ताद, आधी एकदा बर्फ वितळवून बघू या का?"

"माझ्या फ्रिजला बर्फ धरत नाही," मी म्हणालो.

तो गप्प बसला. अकरा वर्षांत मीच त्याला गप्प बसायला शिकवलं होतं.

शुक्रवारी सकाळी तो सामान घेऊन घरी आला. मी पहाटेच फ्रिज बंद केला होता, त्यामुळे बर्फ वितळून स्वयंपाकघरात तळं झालं होतं आणि मटार सुटला होता. आतलं सगळं सामान मी बाहेर काढलं. ठेवायचं कुठे? स्वयंपाकघरात काम चालणार. म्हणून पलंगावर ठेवलं, तेही हिच्या बाजूला, कारण माझ्या बाजूला माझे कपडे पडलेले असतात. अंडी, भाज्या, लोण्याचा डबा, मटार, आणि दाराच्या कप्प्यातले हिच्या डोळ्यांचे थेंब. त्यांची मुदत कधीच संपली आहे. तेही ठेवले. सगळ्यावर एक ओली चादर घातली, म्हणजे गार राहील.

चिमट्यानं एक यंत्र आणलं होतं. ते जुना गॅस ओढून टाकीत भरतं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. नळी कापायची, खिडकी उघडायची, फुस्स झालं की काम सुरू. वर आकाशात कुठेतरी माझ्या एकट्याच्या नावाचं एक भोक असणार. मी चिमट्याची थट्टा केली, की एवढ्याशा गॅसला पालखीतून कुठे नेतोस. तो म्हणाला की सोडायला बंदी आहे, हा गॅस केंद्रावर जमा करायचा, तिथं तो नष्ट करतात. दुकानात गेल्यावर वजन करून नोंद करावी लागते. मला ते जरा जास्तच सोवळं वाटलं.

मग त्यानं ठिणगी पडू शकेल असं सगळं बदललं. फ्रिजमधला दिवा काढला, दिव्याचं बटण काढलं, कॉम्प्रेसरजवळची स्विचची डबी बंद प्रकारची बसवली. दारावर पेटत्या ज्योतीचं पिवळं चित्र चिकटवलं. आतली हवा पंपानं ओढून घेतली, आणि मला सांगितलं की आता नवा पेटणारा गॅस पंचावन्न ग्रॅम भरायचा, तासाभरानं, जेवून आल्यावर. उस्ताद, तोवर हात लावू नका.

तुम्हीच सांगा. फ्रिजच्या मागच्या पाटीवर लिहिलंय एकशे चाळीस ग्रॅम. चाळीस वर्षं मी पाटीवर लिहिलेलं भरत आलो. आणि हा म्हणतो पंचावन्न. चार माणसांच्या स्वयंपाकाला चमचाभर डाळ. मी ठरवलं, हा येईपर्यंत आपणच थोडा जास्त भरून ठेवू. त्याला कळणारही नाही.

मी नळी जोडली. नव्या गॅसची टाकी उघडली. नळीचं टोक नीट आवळलं नव्हतं. माझी बोटं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत. नळी सुटली, सापासारखी उसळली, आणि गॅस फरशीवर फुसफुसत पसरला.

मी टाकी लगेच बंद केली. एवढं श्रेय मला द्या. पण निम्मी टाकी रिकामी झाली होती.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. वर जात नाही, खाली बसतो, पाण्यासारखा फरशीवर पसरतो. त्यामुळे खिडक्या उघडून भागत नाही, खालून बाहेर ढकलावा लागतो. आणि तोवर घरात एकही बटण दाबायचं नाही, पंखा नाही, दिवा नाही, घंटीसुद्धा नाही. मी बाहेर जिन्यात गेलो आणि तिथल्या पेटीतला मुख्य स्विच बंद केला. परत आत आलो, झाडू घेतला, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापासून गॅस झाडायला लागलो. हळूहळू, लांब हात मारत, दिवाणखान्यातून दाराकडे, दारातून जिन्याकडे.

हे अगदी बरोबर होतं. शास्त्राला धरून होतं. फक्त गॅस दिसत नाही, एवढीच अडचण.

जिन्यातल्या पेटीत दोन स्विच शेजारी शेजारी आहेत. घाईत मी दोन्ही बंद केले होते. खाली शिलाईवाल्या बाई कोणाच्या तरी झंपराची बाही शिवत होत्या. मशीन मधेच थांबलं. त्या विचारायला वर आल्या.

त्यांनी काय पाहिलं ते मी आता त्यांच्या बाजूनं सांगतो, कारण ते पुढे मला बऱ्याच जणांकडून ऐकायला मिळालं. दार सताड उघडं. आत दिवे बंद. मी अनवाणी, बनियनवर, स्वच्छ फरशी झाडतोय. समोर केर नाही, कण नाही. आणि मी तोंडानं म्हणतोय, "चल, चल, बाहेर चल." हे मी गॅसला म्हणत होतो.

त्यांनी घंटीकडे हात नेला. मी ओरडलो, "घंटी वाजवू नका."

त्या घाबरल्या. "भाऊ, काय करताय?"

आता खरं सांगितलं असतं तर पाच मिनिटांत लेकीला कळलं असतं आणि शिल्लक चूक खर्ची पडली असती. मी म्हणालो, "झाडतोय."

"काय झाडताय?"

"काही नाही."

हे शब्दशः खरं होतं, पण त्याचा उपयोग झाला नाही. बाईंची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली. झोपायच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर हिच्या बाजूला ओल्या चादरीखाली कोणीतरी निजलेलं होतं. निदान तसं दिसत होतं. डोक्याच्या जागी कोबी होता.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "तिथं कोण आहे?"

"ते फ्रिजमधलं आहे," मी म्हणालो.

बाईंना एका वेळी दोन पायऱ्या उतरताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात चिमटा जेवून आला. त्यानं दारातूनच परिस्थिती ओळखली. माझ्या हातातला झाडू घेतला आणि उरलेली खोली स्वतः झाडली. मला आता बाहेरून ते दृश्य दिसलं आणि बाईंची बाजू पटली. तासभर दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या, त्याच्या छोट्या यंत्रानं कोपरे तपासले, दोन्ही स्विच चालू केले. मग दुसऱ्या टाकीतून बरोबर पंचावन्न ग्रॅम भरला. काट्यावर मोजून. फ्रिज सुरू झाला. अर्ध्या तासात वरच्या कप्प्यावर दव आलं, तासाभरात हात लावला तर बोट चिकटलं. मी बघतच राहिलो. एवढ्याशा गॅसमध्ये! चिमटा जुन्या गॅसची टाकी घेऊन दुकानात गेला, आणि मी पलंगावरचं सामान परत आत लावलं.

चार वाजता लेक आली. दुकान बंद करून, जावयाला न सांगता, अर्धी वाट पळत आल्यासारखी. दारात उभी राहून तिनं आधी मला पाहिलं, मग पलंग पाहिला. पलंग रिकामा होता, पण हिच्या बाजूला मोठा ओला डाग होता.

बाईंनी तिला फोनवर काय काय सांगितलं ते मी इथं लिहीत नाही. लेक माझ्यासमोर बसली आणि तिनं अगदी मऊ आवाजात विचारलं, "बाबा, आई दिसते का तुम्हाला?"

मी म्हणालो की नाही. दिसत नाही. मग तिला सगळं सांगितलं. गॅस, झाडू, कोबी. ती सुरुवातीला गंभीर होती. कोबीपाशी तिचं तोंड हलायला लागलं. दोन स्विच आणि झंपराच्या बाहीपाशी ती हसायलाच लागली. आठ महिन्यांत या घरात कोणी तसं हसलं नव्हतं. मीही हसलो. मग ती डोळे पुसून म्हणाली, "पण बाबा, ही तिसरी झाली."

मी तयारच होतो. म्हणालो की ही चूक नाही, हे काम आहे. फ्रिजमधला गॅस संपला होता, तो भरणं भाग होतं. भरताना थोडं सांडलं, ते कोणाच्याही हातून सांडतं. डॉक्टरनं ऑपरेशन केलं आणि थोडं रक्त सांडलं, तर ती चूक का? पेशंट बरा झाला ना? जा, हात लावून बघ.

ती उठली, हात लावून आली. फ्रिज बर्फासारखा गार होता. तिनं विचार केला. ती न्यायाची आहे, आईसारखी. म्हणाली, गॅस खरंच संपला असेल तर नाही मोजत.

मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात फोन वाजला. मी पातेलं घासत होतो, तिनं उचलला. चिमटा होता. तो प्रामाणिक माणूस आहे, हा त्याच्यातला एकच दोष मला काढता आला नाही. लेकीनं फोनचा स्पीकर चालू केला.

"उस्ताद," चिमटा म्हणाला, "जुन्या गॅसचं वजन केलं. एकशे अडतीस ग्रॅम निघाला."

मी नळ बंद केला.

लेक रोज औषधं मोजते. ग्रॅमच्या बाबतीत तिला फसवता येत नाही. तिनं विचारलं, "भरायचा असतो किती?"

"एकशे चाळीस, ताई. म्हणजे पूर्णच होता. कमी नव्हता. गारवा बर्फानंच अडवला होता," चिमटा म्हणाला, आणि नोंदवहीत काय लिहू ते विचारायला लागला. लेकीनं त्याला आहे तेच लिहायला सांगितलं.

हे बघा, पूर्वीच्या पद्धतीनं नळी कापून गॅस आकाशात सोडला असता, तर तो किती होता हे देवालासुद्धा कळलं नसतं. चाळीस वर्षं आम्ही किती भरलेले फ्रिज रिकामे केले असतील, कोणाला ठाऊक. ओझोन वाचवायला काढलेल्या त्या यंत्रानं पहिल्याच दिवशी मला तोंडघशी पाडलं.

लेक फोन ठेवून थोडा वेळ फ्रिजकडे बघत होती. मग म्हणाली, "बाबा, आई शनिवारी करायची ते तुम्ही करता ना?"

"काय करायची?"

तिला आधी मी गंमत करतोय असं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की मला खरंच माहीत नाही. ती खुर्चीवर बसली आणि तिनं सांगितलं. दर शनिवारी दुपारी, मी कामावर असताना, ही फ्रिज बंद करायची. सगळं सामान काढायची. वरच्या कप्प्यात गरम पाण्याचं पातेलं ठेवायची. बर्फ सुटला की पुसून घ्यायची, दाराचं रबर साबणाच्या पाण्यानं धुवून कोरडं करायची, मागची जाळी ब्रशनं झाडायची. दोन तास. मग परत सुरू करायची. मी घरी येईपर्यंत सगळं जागच्या जागी. लेक लहानपणी पाणी टिपायला मदत करायची. एकतीस वर्षं.

म्हणजे लोक घरी येऊन जे बघून मान डोलवायचे, ते हिचं काम होतं. मी नुसता दार उघडून दाखवायचो.

मी विचारलं की मला कधी सांगितलं का नाही.

"मी म्हटलं होतं एकदा, सांगू या बाबांना," लेक म्हणाली. "आई म्हणाली, राहू दे. त्यांना वाटतं त्यांच्यामुळे चालतो. वाटू दे."

मी घासलेलं पातेलं परत घासलं.

फ्रिज चालू होता, पंचावन्न ग्रॅमवर, बारीक आवाजात. मग मीच म्हणालो की ठीक आहे, तिसरी झाली. बॅग माळ्यावर आहे.

लेक म्हणाली, "ही चूक तुमच्या नावावर कशी टाकू? ही आईची आहे. तिनं सांगायला हवं होतं." आणि उठून चहा ठेवायला गेली. माझ्यावरचा आरोप हिच्यावर टाकून मला सोडून देण्यात आलं. ही असती तर तिनंही तो मुकाट्यानं घेतला असता.

जाण्याआधी लेकीनं मला शिकवलं. चाळीस वर्षं फ्रिज दुरुस्त केलेल्या माणसाला, फ्रिज पुसायचा कसा. सुरीनं बर्फ खरवडायचा नाही, हे तिनं दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा हो म्हणालो. खाली जाऊन तिनं शिलाईवाल्या बाईंनाही समजावलं. कोबीचं मात्र त्यांना अजून पटलेलं नाही. जिन्यात भेटल्या की माझ्या हातातल्या पिशवीकडे बघतात.

पुढच्या शनिवारी दुपारी मी फ्रिज बंद केला. सामान काढलं, या वेळी टेबलावर. गरम पाण्याचं पातेलं ठेवलं. बर्फ फारसा नव्हता, पण जो होता तो पुसला. रबर धुतलं, कोरडं केलं, जाळी झाडली. दोन तास लागतात ते खरं आहे. कंबर धरते, तेही खरं आहे. सामान परत लावलं. काम चांगलं झालं होतं, माझं मलाच वाटलं. संध्याकाळी मी बाहेर फिरायला गेलो, आल्यावर पाव खाऊन झोपलो.

रविवारी लेक सकाळी लवकर आली आणि तिनं चप्पल काढायच्या आधी फ्रिज उघडला. आतून उबदार हवा आली. दूध नासलं होतं. मी भिंतीवरचं बटण चालूच केलं नव्हतं.

तिनं वाकून बटण चालू केलं, दूध ओतून टाकलं, दार लावलं.

मग पाठमोरीच म्हणाली, "आईसुद्धा दोन-तीनदा विसरली होती."

हे खरं होतं, की तिलाही मला तसं वाटू द्यायचं होतं, ते मी विचारलं नाही.